जुनी पालिओ १.६ घरच्या पार्किंगमध्ये सांभाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फियाट पालिओ २००१ साली भारतात आली. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता, त्यामुळे नाव घरोघरी पोचलं. तिच्या १.६ लिटर, सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाची ताकद साधारण १०० बीएचपी. त्या काळात एवढ्या छोट्या गाडीत एवढं इंजिन कोणी देत नव्हतं. दिसायला पाच दारांची साधी हॅचबॅक, पण कात्रजच्या जुन्या घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ती जशी वळणं घेते, ते अनुभवलेला माणूस तिला स्पोर्ट्स कारच म्हणतो. माझ्याकडे ती चौदा वर्षं आहे आणि कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी तिचं बरंचसं काम स्वतः करतो. गाडी पाहून थांबणारे लोक मला जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. दुसरी कुठली जुनी पेट्रोल गाडी असेल, तरी बहुतेक उत्तरं लागू पडतील.

मी मेकॅनिक नाही. मला हे जमेल का?

जमेल. ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी, कूलंट, बल्ब, रिले, वायरिंगचे सांधे, थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या नळीची) सफाई एवढं कोणालाही शिकता येतं. ब्रेक पॅड बदलणं दुसऱ्या टप्प्यात, तेही पहिल्यांदा जाणकार माणूस शेजारी उभा असताना. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची लय जुळवणारा रबरी पट्टा), क्लच, हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग), गिअरबॉक्स आणि एसीचा गॅस यांना घरी हात लावू नका.

पण घरी काम करण्यातला खरा फायदा पैशांचा नाही. गॅरेजवाल्याकडे दिवसाला आठ-दहा गाड्या असतात. त्यानं तुमच्या गाडीच्या एका बारीक लक्षणामागे तीन तास घालवणं शक्यच नसतं, म्हणून तो अंदाजानं पार्ट बदलतो. तुमच्याकडे मात्र रविवारची अख्खी सकाळ असते. जुनी गाडी चालू ठेवायची तर आधी तपासायचं आणि मगच पार्ट आणायचा, हा क्रम पाळावा लागतो. खालची बहुतेक उत्तरं याच क्रमानं जातात.

कोणती हत्यारं घ्यावीत?

८ ते १९ मिलिमीटरचे पाने, गोट्यांचा (सॉकेटचा) एक बरा सेट, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानंच आवळता येणारा पाना), प्लगची गोटी, डोक्याला बांधायची बॅटरी आणि व्होल्ट मोजणारा डिजिटल मल्टिमीटर. मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि सगळ्यात जास्त पैसे तोच वाचवतो. टॉर्क रेंचला पर्याय नाही, कारण ॲल्युमिनिअमच्या हेडमध्ये प्लगचे आटे गेले तर ते काम फार महागात जातं. प्लग नेहमी थंड इंजिनात, आधी हातानं फिरवून बसवा. आटे नीट धरले आहेत हे बोटांना कळतं, मग पाना लावा.

आणि जॅक स्टँड. दोन घ्या, चांगल्या वजनाचे घ्या. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. विटांवर, सिमेंटच्या ब्लॉकवर तर कधीच नाही, कारण ते आधी न वाकता, न कुरकुरता एकदम फुटतात. जमीन सपाट हवी, उलट बाजूच्या चाकांना ओंडके हवेत, आणि गाडी स्टँडवर टेकली की खाली जाण्याआधी तिला बाहेरून दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. घरात कोणाला तरी सांगून खाली या. आमच्याकडे आई दर वीस मिनिटांनी गॅलरीतून हाक मारते, आणि मी ओ दिल्याशिवाय ती आत जात नाही.

गाडी गरम होते. रेडिएटर बदलावा का?

आधी सुई कधी वर जाते ते नीट लिहून काढा. तीन वेगवेगळे आजार आहेत. सिग्नलला किंवा गर्दीत उभं असताना सुई वर जाते आणि गाडी पळायला लागली की खाली येते, तर संशय फॅनवर घ्या. हायवेला वेगात असताना किंवा लांब चढावर गरम होते, तर रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) अर्धवट उघडणारा किंवा वॉटर पंप थकलेला असू शकतो. थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा टणक होतो, कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येतात आणि बाहेर गळती नसतानाही पाणी कमी होतं, तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनामधला सील) तपासून घ्या आणि तोवर गाडी चालवू नका.

माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागे गाडी तापली. परत आल्यावर एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट बदलला. फरक पडला नाही. दुसरीकडे नवा रेडिएटर बसवला. तरीही लक्ष्मी रोडच्या गर्दीत सुई तशीच वर. शेवटी एका रात्री पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडून बसलो. सुई मध्याच्या पुढे गेली, फॅन ढिम्म. एसी लावला, तरी ढिम्म. आणि सुई आणखी बरीच वर गेल्यावर फॅन एकदम पूर्ण वेगात गरजला. म्हणजे मोटार ठीक, मोठा वेग ठीक, फक्त छोटा वेग मेलेला. माझ्या गाडीत फॅनला दोन वेग आहेत, आणि छोट्या वेगाचा करंट तो कमी करणाऱ्या एका रेझिस्टरमधून जातो. तो काढून पाहिला तर आतली तार मधोमध जळून तुटलेली, आणि कनेक्टरचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. काही शे रुपयांचा तुकडा. रेडिएटरचे साडेसहा हजार वाया गेले होते.

म्हणून फॅन आधी तपासा. फॅनला बॅटरीवरून थेट करंट द्या, मग फ्यूज, रिले आणि रेझिस्टर बघा, आणि फॅनच्या अर्थिंगचा नट काढून पत्रा घासून चकचकीत करा. कूलंटचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी असतं, ते थेट तोंडावर उडतं.

कूलंटऐवजी साधं पाणी चालतं का? पुण्यात बर्फ पडत नाही ना.

चालत नाही. कूलंट गोठू नये म्हणून घालतात हा अर्धाच भाग झाला. त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि उकळबिंदूही वर जातो. बोअरचं किंवा नळाचं पाणी घातलं की क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट निम्मं-निम्मं घाला, किंवा तयार मिसळलेलं आणा. रंगावर विश्वास ठेवू नका. लाल, हिरवा, निळा ही प्रत्येक कंपनीची मर्जी असते. डब्यावरची जात वाचा, आणि जुनं काय आहे हे माहीत नसेल तर सगळं काढून, धुऊन नवीन भरा. वेगळ्या जातीची दोन कूलंट मिसळली तर कधीकधी गाळ धरतो.

भरताना आतला हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत थांबा. हवा आत राहिली तर दोन दिवसांनी पुन्हा हाच प्रश्न पडेल.

पहिला पाऊस पडला की गाडी मिसिंग करते, म्हणजे अडखळत चालते. उन्हाळ्यात अगदी छान असते.

कारण नेहमी एकच असतं असं मी म्हणणार नाही, पण माझ्या गाडीत आणि ओळखीच्या चार गाड्यांत कारण एकच निघालं : प्लगच्या जुन्या केबल. रबराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. कोरड्या हवेत काही होत नाही, जूनमध्ये दमट हवा आली की स्पार्क प्लगपर्यंत न पोचता वाटेतच पत्र्याकडे उडी मारतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. रात्री पार्किंगचे दिवे घालवा, इंजिन चालू ठेवा, बॉनेट उघडा आणि कुंडीतल्या झाडांना पाणी फवारायची बाटली घेऊन केबलच्या आसपास अगदी हलका धुरकट फवारा मारा. हात केबलपासून लांब ठेवा, तिथे हजारो व्होल्ट असतात. केबल फुटली असेल तर अंधारात तिच्या अंगावरून निळसर, केसासारखी बारीक ठिणगी सरपटताना दिसते आणि टकटक असा बारीक आवाज येतो. माझ्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरच्या केबलवर, क्लिपनं घासलं गेलं होतं बरोब्बर तिथेच, ती दिसली. त्याक्षणी इंजिनही अडखळलं. केबलचा पूर्ण सेट आणि सोबत चारही प्लग बदला, आणि केबल मूळच्या क्लिपांतून तशाच न्या, नाहीतर नवीनही तिथेच घासतील.

तरीही मिसिंग राहिलं तर प्लगच्या विहिरींत, म्हणजे प्लग बसतात त्या खोल भोकांत, ऑइल साचलंय का बघा. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गेलं की तिथे ऑइल उतरतं आणि केबलच्या टोकाचं रबरी बूट सडतं.

न्यूट्रलला आरपीएम खालीवर होतो, कधी सिग्नलला गाडी बंद पडते.

आधी थ्रॉटल बॉडी साफ करा. काळा चिकट थर बसलेला असतो. थ्रॉटल क्लीनर कापडावर मारून पुसा, आतली हवेची पाकळी बोटानं जबरदस्ती ढकलू नका. मग हवेची चोरी शोधा : इनटेकच्या मागे जाणारे बारीक रबरी पाइप वीस वर्षांत कडक होऊन तडकतात. ब्रेक बूस्टरला जाणारा मोठा पाइपही बघा. इंजिन चालू असताना कान लावला तर बारीक शिट्टी ऐकू येते. काही जण पेट्रोलसारखे ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधतात. गरम इंजिनावर ते करू नका, गाडी पेटते. या दोन्हींनी फरक पडला नाही तर न्यूट्रलचा आरपीएम सांभाळणाऱ्या आयडल कंट्रोलच्या मोटारीकडे वळा.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही.

किल्ली फिरवून सेल्फ न मारता थांबा. मागच्या सीटखालून दोन सेकंद पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. ती येत असेल आणि डॅशबोर्डवरचा कोडचा दिवा विझत नसेल, तर किल्लीतली चिप ओळखली जात नाहीये. दुसरी किल्ली वापरून बघा, आणि किचेनमध्ये दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर ती काढून ठेवा.

गुणगुणच येत नसेल तर फ्यूज, पंपाचा रिले आणि फियाटचा एफपीएस स्विच बघा. अपघातात पेट्रोलचा पुरवठा तोडणारा हा सुरक्षेचा स्विच मोठ्या खड्ड्यात आदळूनही सुटू शकतो. जागा मॅन्युअलमध्ये दिलेली आहे, बटण दाबलं की परत चालू होतो. पण दाबण्याआधी खाली वाकून बघा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर ते बटण दाबायचं नाही, गाडी टो करून न्यायची.

सेल्फच मारत नाही, नुसतं टक् होतं. बॅटरी नवीन आहे.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, म्हणजे अल्टरनेटर ठीक. हे सगळं बरोबर असेल तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिनाला आणि पत्र्याला जोडणारी पट्टी, तपासा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती सोडवा, दोन्ही टोकं घासा, बसवल्यावर वरून व्हॅसलिन लावा. मंद हेडलाइट, हळू चढणाऱ्या काचा, वेड्यासारखी हलणारी टेंपरेचरची सुई हे सगळंही पुष्कळदा या एका पट्टीनं बरं होतं.

टायमिंग बेल्ट किती किलोमीटरला?

जुन्या गाडीत वर्षं मोजा, किलोमीटर नंतर. वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा बेल्टही रबराचाच असतो. मी चार-पाच वर्षांच्या पुढे जाऊ देत नाही. गाडी नुकतीच घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे बेल्टचं बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून पहिल्या महिन्यात बदला. या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं.

हे काम घरी करू नका. कॅमशाफ्ट जागेवर धरून ठेवायची खास टूल लागतात. मेकॅनिकला कामाआधीच विचारा, टूल आहेत का. "पांढऱ्या पेनानं खूण करून बसवतो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदला, कारण मजुरी तीच असते.

ऑइल कोणतं?

१०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०, नावाजलेल्या कंपनीचं, सीलबंद डब्यातलं. वर्षातून एकदा किंवा सात हजार किलोमीटरला, जे आधी येईल ते. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा. झाकणाखाली थोडी पांढरट साय दिसली तर लगेच घाबरू नका, फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पावसाळ्यात ती दिसते. डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल असेल तर मात्र आत पाणी गेलंय.

स्पीडब्रेकरवर पुढून खडखड येते.

पुण्यात हा प्रश्न न विचारणारा मालक मला भेटलेला नाही. चाक उचलून, स्टँड लावून, टायर वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. वर-खाली ढिलं लागलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, बाजूंनी ढिलं लागलं तर टाय रॉड. दोन्ही घट्ट असतील तर लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बूश (सांध्यांतली रबरं) बघा. छोट्या खड्ड्यांवर बारीक खुळखुळ आली तर लिंक रॉड, मोठ्या खड्ड्यात एकच ठक् आला तर बूश किंवा स्ट्रटच्या वरचं माउंटिंग, असा माझा अनुभव आहे.

बूश बसवताना एक चूक भल्याभल्यांकडून होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळतात. रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. बोल्ट हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग शेवटचं आवळा. गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तरी तिथे उभे राहून हे करून घ्या.

सिंहगडावरून उतरताना ब्रेक पेडल मऊ पडलं. भीती वाटली.

भीती योग्यच आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ जातीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उतारावर सतत ब्रेक दाबला की ऑइल तापून त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला, गाडी चालली असो वा नसो. बदलताना ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलला जातो. सांडलंच तर पाण्यानं ताबडतोब धुवा.

उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच राहा. हे इंजिन गाडी छान धरून ठेवतं. ऑइल बदलूनही पेडल मऊ असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका, मास्टर सिलिंडर आणि रबरी होज तपासून घ्या.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं इंजिन खराब होईल का?

ही गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, हे मान्य करून चालावं लागतं. आपल्याकडे ई२० ला चालणाऱ्या साहित्याच्या गाड्या २०२३ पासून येऊ लागल्या. जुन्या गाडीत पहिला धोका रबराला आहे. इंजेक्शनच्या गाडीत इंधन दाबाखाली असतं, त्यामुळे तडकलेल्या पाइपमधून ते थेंबानं न गळता फवाऱ्यासारखं उडतं, तेही गरम एक्झॉस्टच्या जवळ. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप एकदा बदलूनच टाका. पाइपवर एसएई जे३० आर९ (इंजेक्शनच्या दाबाला चालणाऱ्या पाइपची खूण) असा छाप बघून घ्या. साध्या स्क्रूच्या पट्टीक्लिपा रबर कापतात, इंजेक्शनसाठीच्या गोल कडेच्या क्लिपा वापरा. त्यानंतर वर्षातून दोनदा बोटानं पाइप दाबून, वास घेऊन बघा.

दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल तसंच जुनं होऊ देऊ नका. ॲव्हरेज थोडं पडेल, ते सोसावं लागेल.

स्कॅनर घ्यावा का?

घ्या, पण ईएलएम३२७ नावाचा कोणताही स्वस्त ब्लूटूथवाला स्कॅनर या गाडीशी बोलेलच असं नाही. जुन्या फियाटसाठी गाडी लॅपटॉपला जोडणारी केकेएल केबल, जुना लॅपटॉप आणि मल्टीइसीयूस्कॅन हे सॉफ्टवेअर ही जोडी जास्त भरवशाची. स्क्रीनवर ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. हवेची चोरी असली तरी तोच कोड येतो. कोड कुठे बघायचं ते सांगतो, मल्टिमीटर आणि डोळे तिथे न्यायचे.

पार्ट कुठे मिळतात? फियाट तर भारतातून गेली.

नाना पेठेत जा. पण दुकानात शिरून "पालिओचा फॅन आहे का" असं विचारलं तर बहुतेक "नाही" येतं. जुना पार्ट पुसून, त्यावरचा नंबर वाचून, कागदावर लिहून न्या. मॅग्नेटी मरेली किंवा बॉश या पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांचा नंबर, बेअरिंगवरचा नंबर, ऑइल सीलची आतली-बाहेरची मापं. अल्टरनेटरचं बेअरिंग हे पालिओचं नसतं, ते जगभरात त्या नंबराचं असतं, आणि तो नंबर सांगितला की दुकानदार मागं वळून लगेच डबी काढतो. तिथले जुने दुकानदार पार्ट हातात घेऊन बोटानं फिरवून "हा दुसऱ्या गाडीचा पण चालेल बघ" सांगतात, आणि पुष्कळदा बरोबर सांगतात. सकाळी दुकान उघडताना गर्दी नसते, तेव्हा गेलात तर वेळ देतात. टाटांबरोबरच्या भागीदारीच्या काळातले काही पार्ट टाटांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतही निघतात.

जे मिळतच नाही ते बनवून घ्यावं लागतं. भोसरी एमआयडीसीत छोट्या लेथवाल्यांकडे स्टीलचे स्पेसर, बूशचे बाहेरचे कोष, पितळी बूश करून मिळतात. नमुना आणि मापाचं चित्र दोन्ही द्या. ब्रेक आणि स्टीअरिंगचा कोणताही भाग मात्र असा बनवून लावू नका. तुटलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांसाठी भंगारातल्या गाड्या शोधा, आणि चांगली दिसणारी, काचा वर-खाली करायची बटणं, दाराची हँडल दिसली की लागो न लागो, उचलून ठेवा.

गाडी महिनोन्महिने उभी असते. काय करू?

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकांना ओंडके लावा. ओढून ठेवलेला हँडब्रेक पावसाळ्यात चिकटतो. आठवड्याला पाच मिनिटं नुसतं इंजिन चालू करण्यानं उलट नुकसान होतं, त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा पाषाण-सूसकडे अर्धा तास फिरवून आणा. आणि उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते वायरिंग कुरतडतात. बॉनेटखाली पालापाचोळा दिसला की घरटं सुरू झालंय असं समजा आणि त्याच दिवशी साफ करा.

टायर झिजलेले नसले तरी तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

पंधरा वर्षं झाली. आरटीओचं काय?

पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो. केंद्राचं नूतनीकरण शुल्क २०२२ पासून कारला ५,००० रुपये आहे आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. मुदत संपायच्या दोन महिने आधीच कामाला लागा. इन्शुरन्स, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट तयार ठेवा. बीएस-४ या प्रदूषण नियमांच्या आधीच्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांचीच असते. तपासणीला जाताना गाडी अर्धा तास चालवून, पूर्ण गरम करून न्या. थंड इंजिन आणि चोंदलेला एअर फिल्टर यामुळे चांगल्या गाड्याही धुरात नापास होतात. आदल्या संध्याकाळी सगळे बल्ब, हॉर्न, वायपर आणि हँडब्रेक स्वतः तपासा.

सोसायटीवाले पार्किंगमध्ये काम करू देत नाहीत.

त्यांची तक्रार जमिनीवरच्या डागांची आणि आवाजाची असते, आणि ती खरी आहे. मी जाड प्लास्टिक, त्यावर जुनी चादर आणि पत्र्याचा उथळ ट्रे वापरतो. दुपारी दोन ते चार हात लावत नाही. काम झालं की फरशी भुसा टाकून झाडतो. वापरलेलं ऑइल पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवून, ते अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नेऊन देतो. पार्किंगच्या जाळीत ओतलेलं ऑइल पावसाळ्यात नाल्यातून थेट मुठा नदीत जातं. कूलंटही तसंच कॅनमध्ये भरा. ते चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानंही मरतात. त्यामुळे ट्रे तसाच ठेवून हात धुवायलासुद्धा वर जाऊ नका, आधी कॅनचं झाकण लावा.